सत्ताविसावी ओळ

१२ जानेवारी

दादा,

निघायच्या दिवशी सकाळी मी तुला न विचारता एक काम केलं. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. तू उठायच्या आत मी कारखान्यात गेलो. रोजच्यासारखी उभ्यानंच प्रार्थना केली आणि तुझ्या तपासणीच्या मेजासमोरचं वहिनीचं स्टूल उचलून माळ्यावर ठेवलं. वहिनी जाऊन अकरा महिने झाले. अजून तू प्रत्येक दांडा ठोकतोस आणि मान वर करून त्या रिकाम्या स्टुलाकडे बघतोस. मला ते बघवत नव्हतं. घाव रोज समोर मांडून ठेवला तर तो भरणार कसा, असं मनात आलं. चुकलं असेल तर रागाव.

पोचल्याचा फोन करणार होतो. पण फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी विचारतो लाकूड आलं का, तू म्हणतोस हो हो, जेवलो. त्यापेक्षा पत्र बरं. गावच्या शाळेत गुरुजींनी पत्रलेखन घोटून घेतलं होतं, ते पन्नाशीला टेकल्यावर कामी येतंय.

आमचा धंदा वाढवायला शिकवणारा वर्ग एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरतो. खाली यंत्र सुरू झालं की चहाच्या कपात लाटा उठतात. आम्ही चौदा जण आहोत, सगळे आपल्यासारखेच छोटे कारखानदार. नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून धंद्यावरूनच हाका मारतात. माझ्या डावीकडे वजनकाटे बनवणारा काटेवाला, उजवीकडे मेणबत्तीवाली. मी हातोड्याचे आणि घणाचे दांडे करतो हे कळल्यावर ती म्हणाली, "मग तुम्ही मागच्या बाकावर बसा. धाक तिथूनही पोचेल."

शिकवणाऱ्या बाई माझ्या निम्म्या वयाच्या असतील. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुमच्या प्रत्येकाच्या बाटलीच्या तोंडाशी एक बूच अडकलेलं आहे, म्हणून धंदा वाढत नाही. ते कोण, हे शोधायला तीन महिने लागतील. बहुतेकांना ते आरशात सापडतं."

तीन महिने तुला एकट्याला ओढावं लागणार. पण ती मोठी अवजार कंपनी हा वर्ग पुरा केलेल्यांनाच काम देते. आज आपण दिवसाला दोनशे दांडे करतो, त्यांना आठशे हवेत. देवाच्या मनात असेल तर होईल.

तुझा,
लहान्या


१९ जानेवारी

लहान्या,

स्टूल मी खाली आणलं. शिडी लावून, बासष्टाव्या वर्षी, एकट्यानं. कातारी म्हणाला मी चढतो, त्याला म्हटलं तू तुझा लेथ सांभाळ.

तुझा हेतू चांगला होता हे कळतं मला. चांगल्या हेतूनंच माणसं सगळ्यात जास्त मोडतोड करतात. कारखान्यात तुला हवं ते हलव, पण त्या मेजाभोवतीच्या चार हात जागेतलं काही हलवायचं असेल तर मी मेल्यावर हलव.

इकडे सगळं ठीक आहे. लाकूड आलं, बरं आहे. कुणाची तक्रार नाही. रोजचे दोनशे दांडे माझ्या हाताखालून जातात आणि शिक्का लागून बाहेर पडतात, जसे बाबांच्या वेळी पडायचे.

बूच कोण हे मला आत्ताच सांगता येईल. तुमच्या बाईंना तीन महिने कशाला लागतात कोण जाणे. पण पैसे भरलेत तर शीक. थंडी असेल, मफलर घालत जा.

दादा


२ फेब्रुवारी

दादा,

रागावलास ते बरं झालं. आता मी काही हलवणार नाही.

या आठवड्यात आम्हाला मोठा अभ्यास मिळाला. लाकूड येण्यापासून माल जाईपर्यंतचं प्रत्येक काम एकाखाली एक लिहायचं. प्रत्येक ओळीत चार रकाने. काम काय, ते कोण करतं, बरोबर झालं हे कशावरून कळतं, आणि तो माणूस उद्या आला नाही तर काय होईल. मला वाटलं दहा ओळींत आटपेल. एकतीस झाल्या. तीस वर्षं ज्या धंद्यात काढली, त्याला एकतीस पायऱ्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मेणबत्तीवालीच्या एकोणीसच झाल्या, तर ती म्हणते, "तुमचा दांडा सुटीवर जातो का मधे?"

सव्वीस ओळी भरभर भरल्या. सत्ताविसावी अशी लिहिली. काम: ठोकून आतली चीर ओळखणं आणि शिक्का मारणं. कोण करतं: दादा. कशावरून कळतं: दादा ऐकतो. उद्या आला नाही तर: हा रकाना रिकामा राहिला.

बाईंनी वही बघितली आणि विचारलं, "दादा आजारी पडले तर?" मी म्हटलं, ते पडत नाहीत. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचे दुकानदार दांडा न बघता शिक्का बघून माल घेतात असं तुम्हीच सांगितलंत. म्हणजे अख्खा धंदा एका माणसाच्या कानावर उभा आहे." मला जरा लागलं. बाबांनी तुला दिलेल्या विद्येबद्दल कुणी असं बोललेलं मला आवडत नाही. पण बोलण्यात खोट नव्हती.

तर एक विनंती आहे. चांगल्या दांड्याचा आवाज कसा, चिरलेल्याचा कसा, कुठे ठोकायचं, किती जोरानं, हे मला सविस्तर लिहून पाठवशील? त्यावरून कातारीला शिकवता येईल. तुझ्या जागी नाही, तुझ्या शेजारी. आठशे दांडे एकट्यानं ठोकलेस तर मनगट हातात येईल.

लहान्या


१० फेब्रुवारी

लहान्या,

आता कारखान्यात काही कमी पडलं की रकाना रिकामा. पोहणंही लिहून शिकवतात का तिथं?

तरी तुझ्या बाईंसमोर तुझी मान खाली जायला नको म्हणून लिहितो. दांडा आधी उजेडाकडे आडवा धरावा. रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता गेल्या पाहिजेत. मधेच कडेला पळून गेलेली रेघ दिसली तर तो दांडा तिथंच मोडणार, कधी मोडणार एवढाच प्रश्न. मग टोक बघावं. वलयांच्या रेघा हातोडा ज्या दिशेनं पडतो त्याच दिशेनं हव्यात, आडव्या नकोत. गाठीभोवती रंग गडद झाला असेल तर गाठ मेलेली समजावी. नीट वाळलेलं लाकूड मंद दिसतं, चमकलं तर आत ओल आहे. हातात घेतल्यावर दोन्ही टोकांचा भार बोटांना सारखा लागला पाहिजे.

एवढं परत आल्यावर कातारीला वाचून दाखव. बाकीचं मेजाशी बसून येतं. मला यायला सहा वर्षं लागली आणि बाबांच्या टपल्या मोजल्या नाहीत.

माझ्या शेजारी कुणी बसलेलं मला चालणार नाही. ती जागा रिकामी नाही.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. मोठ्या अभिमानानं वाचलं. खाली यंत्र बंद होतं, सगळे नीट ऐकत होते. वाचून झाल्यावर काटेवाल्यानं पत्र मागून घेतलं आणि स्वतः एकदा वाचलं. मग म्हणाला, "दांडेवाले, तुमचे दादा थोर कारागीर आहेत. पण तुम्ही विचारलंत आवाजाचं आणि त्यांनी सगळं सांगितलं डोळ्याचं आणि हाताचं. आवाजाचा एक शब्द नाही."

मी पत्र पुन्हा वाचलं. खरंच नव्हता.

खोलीवर परत येताना एक एक गोष्ट आठवत गेली. फोनवरचं हो हो. मागच्या वर्षी ट्रकवाला पाठीमागून भोंगा वाजवत होता आणि तू हलला नाहीस, तेव्हा सगळे म्हणाले दादाचा रुबाब बघा. मीही हसलो होतो. आपल्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे की दादाला फोनवर ऐकू येत नाही. आणि हेही सगळ्यांना माहीत आहे की दादाच्या कानासारखा कान नाही. या दोन गोष्टी मी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी ठेवल्या, आणि एकदाही एकमेकींना लावून बघितल्या नाहीत. मनात आणायचीसुद्धा हिंमत झाली नसावी.

लहान भावानं विचारू नये असं विचारतोय. पत्रातच विचारू शकतो, समोर जीभ उचलली नसती. दादा, तुला ऐकू येतं का?

लहान्या


८ मार्च

दादा,

सोळा दिवस तुझं उत्तर नाही. काल फोन केला. तू घेतलास. मी मोठ्यानं विचारलं, दादा, तुला ऐकू येतं का. तू म्हणालास, हो हो, झालं जेवण.

मी फोन ठेवला आणि जिन्यात बसून राहिलो. मेणबत्तीवाली वर येत होती. ती दोन पायऱ्या खाली बसून राहिली.

उत्तर दे.

लहान्या


१५ मार्च

लहान्या,

नाही येत. आता तरी झोप लागेल का तुला?

आठ वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी बारीक आवाज गेले, मग बायकांचे, मग सगळेच पाण्याखालून आल्यासारखे. तुझं बोलणं मला ओठांवरून कळतं, म्हणून फोनवर कळत नाही. एक दिवस मी दांडा ठोकला आणि मला काहीच ऐकू येईना. खणखणीत की बद्द, काहीच नाही. पुन्हा ठोकला. तुझी वहिनी समोर दांडे रचत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, दांड्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी तो दांडा बाजूला टाकला. पुढचा ठोकला, ती माझ्याकडे बघत राहिली. मी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊन आली आणि समोर बसली. तुम्ही सगळे म्हणायचात, या वयात काय जोडी जमलीय, नजर हलत नाही एकमेकांवरून. कामगार चेष्टा करायचे आणि ती लाजल्यासारखं करायची. सात वर्षं तिनं ऐकलं आणि मी शिक्का मारला. त्याबद्दल आम्ही एकमेकांशी एकदाही बोललो नाही. घरी नाही, कारखान्यात नाही, शेवटी तिच्या उशाशी बसलो होतो तेव्हाही नाही. त्या दिवशी तिनं माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाली. ओठ सुकले होते, मला वाचता आलं नाही. ती काय म्हणाली ते मला ठाऊक नाही, लहान्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

ती गेल्यावर पंधराव्या दिवशी मी मेजावर बसलो. तेव्हाच उठायला हवं होतं. पण उठून जायचं कुठे? घरात तर ती नाहीच. तिथं निदान तिची बसायची जागा होती. मी ठोकतो, स्टुलाकडे बघतो आणि शिक्का मारतो. डोळ्याला दिसणारं वाईट लाकूड काढतो. आतली चीर डोळ्याला दिसत नाही.

तुला लिहिलं होतं तक्रार नाही. खोटं होतं ते. तीन पत्रं आली आहेत. दोन दुकानदारांची, दांडे मोडल्याची. तिसरं एका रस्त्याच्या मुकादमाचं. दगड फोडताना घणाचा दांडा गाभ्यातून फाटला आणि घण उडून शेजारच्या माणसाच्या गुडघ्यावर बसला. हे नोव्हेंबरातलं. पत्रं सोबत ठेवली आहेत.

आता माझं ऐक. तुझा वर्ग संपत आला. शेवटच्या दिवशी कंपनीचा माणूस येणार. तोवर कुणाला काही बोलू नकोस. काम मिळू दे, मग सावकाश बघू. मी जपून करतो. मला त्या मेजावरून उठवू नकोस. आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागतो.

दादा


५ एप्रिल

दादा,

तीन आठवडे तुला लिहिलं नाही. रोज कागद घेऊन बसायचो आणि तू मागितलेलं देता येईल असं एखादं वाक्य शोधायचो. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. माझी फी, माझी पुस्तकं, माझं सगळं तू त्या मेजावर बसून केलंस. प्रार्थनेला बसलो की देवाशी बोलायच्या ऐवजी तुझ्याशीच वाद घालायचो आणि दर वेळी तूच जिंकायचास.

मग एका रविवारी मुकादमाच्या पत्त्यावर गेलो. गुडघा फुटलेला माणूस जवळच राहतो. दारात खुर्ची टाकून बसला होता, पाय दुसऱ्या खुर्चीवर. चाळिशीच्या आतला आहे. मी कोण ते सांगितलं. वाटलं होतं शिव्या देईल, मनाची तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला, "दांडा चांगला दिसत होता हो. आम्ही शिक्का बघून घेतला होता." त्याच्या बायकोनं चहा दिला. पाय पुन्हा वाकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी निघालो तर तो म्हणतो, "तुमच्या भावाला बोलू नका काही. लाकडाच्या पोटातलं कुणाला कळतं?"

त्या वाक्यावर मी उभाच राहिलो. आपण तर नेमकं तेच कळतं म्हणून शिक्का मारत आलो, दादा. लोक दांड्याच्या नाही, त्या शिक्क्याच्या भरवशावर घण उचलतात. या तेरा महिन्यांतला प्रत्येक दांडा कुठेतरी कुणाच्या तरी डोक्यावर उचलला जातोय. तू जपून करतोस हे मला पटतं. पण वहिनीशिवाय तुला जपता येत नाही, हे तूच लिहिलं आहेस.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. तुझं नाव घेऊ नये असं वाटत होतं, पण तिथं अर्धवट सांगून भागत नाही. बाईंनी उपदेश केला नाही. वही मागितली, सत्ताविसाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही ओळ आता खरी भरू या." काटेवाल्यानं दोन दिवस खपून एक घोडी बनवली. दांड्याचं एक टोक शिकंज्यात आवळायचं, दुसऱ्या टोकाला ठरलेलं वजन टांगायचं. चीर असेल तर तिथंच करकरून फाटतो, नसेल तर वाकतो आणि सरळ होतो. आपल्या शिक्क्याचे दहा दांडे बाजारातून आणून लावले. दोन फाटले. तुझ्या उमेदीच्या काळात दहा हजारांत दोन फाटले नसते, हे मी वर्गाला सांगितलं. का सांगावंसं वाटलं कोण जाणे.

काल शेवटचा दिवस होता. कंपनीचा माणूस आला. प्रत्येकानं उभं राहून तीन महिन्यांत काय बदललं ते सांगायचं होतं. मी फाटलेले दोन दांडे समोर ठेवले आणि बोललो. त्यानं घोडी नीट बघितली, प्रश्न विचारले, वहीत लिहून घेतलं. म्हणाला, आधी जुना माल परत येऊ द्या, वर्षभर या पद्धतीनं चालवा, मग मी स्वतः बघायला येईन. म्हणजे काम मिळालं नाही. दार बंदही झालं नाही. तू जे वाचवायला सांगितलं होतंस ते मी वाचवलं नाही, हे तुला माझ्याकडूनच कळावं.

शुक्रवारी मी कातारीला फोन केला होता. माझ्या सांगण्यावरून शिक्का त्यानं ताब्यात घेतला आहे. तू विचारलंस तर खरं सांग असं त्याला बजावलं आहे. तू विचारलं नाहीस, असं तो नंतर फोनवर म्हणाला. शनिवारी कामावर आलास, शिक्क्याची जागा बघितलीस, दांडे नुसते उजेडाकडे धरून बघत संध्याकाळपर्यंत बसलास. तो सांगताना रडत होता.

सोमवारी मी घोडी घेऊन येतोय. तुझं मेज हलवणार नाही, पण त्यावर तपासणी होणार नाही. वखारीतून लाकूड निवडायला तुझ्या डोळ्यांसारखे डोळे नाहीत, ते काम तुझं. हे त्या जागेच्या बदल्यात आहे असं मी म्हणत नाही. त्या जागेला बदली काही नाही हे मला कळतं. तू माझ्याशी बोलायचं थांबवलंस तरी मी रोज समोर येऊन, तुला ओठ दिसतील असा उभा राहून बोलेन.

एक अजून. आपल्या एक्केचाळीस दुकानदारांना काल पत्रं लिहिली. तेरा महिन्यांतले सगळे दांडे परत मागवले आहेत, आणि जे लोकांच्या हातात गेले त्यांना निरोप द्यायला सांगितलं आहे. तपासणीत चूक झाली, जबाबदारी माझी, असं लिहिलं. तुझं नाव नाही, वहिनीचं नाही. बरोबर केलं की नाही, देव जाणे. वर्ग संपला होता, तरी कुणी घरी गेलं नाही. मेणबत्तीवाली पत्ते लिहीत होती, काटेवाला तिकिटं चिकटवत होता, बाई यादीवर खुणा करत होत्या.

पहिली चाळीस मी सकाळी टाकली. एक्केचाळिसावं बाबांच्या वेळेपासूनच्या दुकानदाराचं, जो तुला अजून मास्तर म्हणतो. ते दुपारपर्यंत खिशात घेऊन हिंडलो. आत्ता हे पत्र अर्धं ठेवून खाली गेलो आणि तेही टाकून आलो.

लहान्या